नाकवाल्या गाडीचं वऱ्हाड

माझी कॉलेजातली मैत्रीण सुनंदा लग्न होऊन बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळला गेली, ती तिथलीच होऊन बसली. मुलाच्या, प्रशीकच्या लग्नाचं बोलावणं करायला तिने फोन केला. मी नेहमीप्रमाणे "बघते, जमलं तर" म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "वऱ्हाड जुन्या नाकवाल्या गाडीतून नेऊन राह्यलो आम्ही. तू नको येऊ बाप्पा, तुले एसी लागते." असा राग आला म्हणता! त्याच दुपारी तिकीट काढलं.

खरं सांगायचं तर दोन दिवस घराबाहेर पडायचंच होतं. माझ्या लेकीला, मुक्ताला, बंगळूरला नोकरी लागली होती आणि ती महिन्याभरात जाणार होती. "पुण्यात काय नोकऱ्या संपल्या?" एवढंच मी विचारलं. तेव्हापासून दोघी कामापुरतं बोलत होतो.

पुण्याहून रात्रीच्या स्लीपरने सकाळी मेहकर. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, खालची बर्थ घ्या, वरच्या बर्थवर झोप लागत नाही. मेहकरच्या स्टँडबाहेर आलुबोंडे आणि तळलेली मिरची मिळते, ती न खाता पुढे जाऊ नका. तिथून जानेफळला एसटी आहे, काळी-पिवळी जीपही आहे. काळी-पिवळीवाल्याने "एक सीट, एक सीट" म्हणत आणखी चार माणसं कोंबली आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी कोथिंबिरीची जुडी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात आली, जुनी एसटीच. लालचुटूक रंग, पुढे लांब नाक, नाकावर झेंडूची माळ. खिडक्यांना आडवे गज, ड्रायव्हरची केबिन जाळीने वेगळी केलेली, आणि छताखालून मागून पुढे गेलेली बेलची दोरी. लहानपणी ही दोरी ओढायला मिळावी म्हणून मी कंडक्टरकाकांच्या किती विनवण्या केल्या असतील! गाडीचे मालक रफिकभाई. चिखलीला त्यांचं गॅरेज आहे. ही गाडी भंगारात कापायला आली होती, ती त्यांनी सोडवून आणली. आता ती लग्नाला, शाळांच्या सहलींना, जुन्या गाड्यांच्या रॅलीला जाते. भाडं साध्या लक्झरीपेक्षा चांगलंच जास्त, आणि लग्नसराईत आधी बोलून ठेवावं लागतं.

"पण आज ड्रायव्हर मी आहे, थोडं सांभाळून घ्या," रफिकभाई म्हणाले.

"रोजचे ड्रायव्हर कुठे गेले?"

"उत्तमकाका? त्यांच्याच तर पोरीचं लग्न आहे, मॅडम! तुम्ही त्यांच्याच घरी जाऊन राह्यल्या."

एसटीतून रिटायर झालेले उत्तमराव या गाडीचे कायमचे ड्रायव्हर. त्यांची उज्ज्वला आमची नवरी. रफिकभाई सांगत होते, नोकरीत असताना लग्नाच्या स्पेशल गाड्या उत्तमकाकांनाच मिळायच्या. कितीतरी नवऱ्या त्यांनी सासरी पोचवल्या. मागे रडारड चालायची, हे जाळीच्या पुढे सरळ बघत गाडी हाकायचे. "पण आता काका महिनाभरापासून जेवण बरोबर करून नाही राह्यले," रफिकभाई हळूच म्हणाले. "मले म्हणत होते, बाकीच्यांच्या पोरी पोचवल्या रे, माहीवाली कशी पोचवू?"

जानेफळ ते धामणगाव बढे हा रस्ता चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट उतरून मोताळा असा आहे. रस्ता बहुतेक चांगला. एसीचं नावही नको, खिडकीतून येणारा फेब्रुवारीचा वारा आणि कापलेल्या तुरीचा वास पुरेसा होता. सुनंदाचा भाऊ आनंद, सगळ्यांचा मामा, खांद्याला चामडी पिशवी लावून कंडक्टर झाला होता. लग्नपत्रिकाच तिकिटासारखी छापलेली होती, ती तो चिमट्याने टोचून द्यायचा. पोरं सारखी दोरी ओढत होती आणि रफिकभाई पुढून ओरडत होते, "कोण आहे बे? थांबणार नाही मी!" मी हसून हसून बेजार. बुलढाण्याला चहा, आणि घाट उतरताना पोरांसकट सगळे चिडीचूप.

धामणगावात मांडवाच्या तोंडाशी उत्तमराव उभे होते. पांढरा सदरा, ताठ मान, उंचपुरा माणूस. आधी व्याह्यांना नमस्कार केला आणि लगेच गाडीच्या नाकावर हात ठेवून रफिकभाईंना विचारलं, "गरम तं नाही झाली?"

बौद्ध पद्धतीचं लग्न, त्यामुळे मुहूर्ताची धावपळ नाही. त्रिशरण, पंचशील, वधूवरांनी एकमेकांना दिलेली वचनं, आणि अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. पांढऱ्या साडीतली उज्ज्वला वचन मोठ्याने, न अडखळता बोलली. मेहकरच्या दवाखान्यात नर्स आहे ती, आवाज ठणठणीत. जेवायला वरण-बट्टी, वांग्याची भाजी आणि बुंदी. बट्टी कुस्करून वर तुपाची धार घेतली की माणूस बोलायचंच बंद होतो. मी तीन खाल्ल्या. सुनंदा मोजत होती, मोजू दे.

पाठवणीच्या वेळी गोंधळ सुरू झाला. आधीच भरलेल्या गाडीत आता नवरी, तिच्या पाठराखणी, भांडी आणि कपाट, आणि समोर राजूर घाट चढायचा. रफिकभाईंनी गाडीकडे पाहिलं, घाटाच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, "उतरवली मी कशीबशी. भरलेली चढवणं माह्या हातचं नाही, काका."

उत्तमराव घरात गेले. बाहेर आले ते खाकी कपड्यांत.

"व माय!" उज्ज्वलाची आत्या ओरडली. "पोरीचा बाप पोरीमागं सासरी चालला? लोक काय म्हणतीन?"

"मी बाप म्हणून नाही येऊन राह्यलो," उत्तमराव म्हणाले. "ड्रायव्हर म्हणून येऊन राह्यलो. रफिक, बाजूले सर."

उज्ज्वला आईच्या गळ्यात पडून भरपूर रडली. मीही रडले, मला काय, निमित्तच हवं असतं. सगळे बसले. इंजिन सुरू झालं. गाडी मात्र जागची हलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"काऊन नाही चालून राह्यली?" सुनंदाने विचारलं.

जाळीपलीकडून शांत उत्तर आलं, "डबल बेल कुठं झाली?"

मामा दारात उभा राहून स्वतःचे फोटो काढण्यात दंग होता! गाडीभर हशा पिकला, रडणारी उज्ज्वलासुद्धा हसली. "बाबा असेच आहेत," ती मला म्हणाली. "दोन बेल झाल्याशिवाय जागचे हालत नाहीत, एक झाली की थांबतात. शाळेत जायची तेव्हा कंडक्टरमामा मलेच वाजवू द्यायचे." मामाने दोनदा दोरी ओढली आणि गाडी निघाली.

घाटात मात्र आम्ही जीव मुठीत धरून बसलो. गाडी दमेकऱ्यासारखी घरघरत चढत होती, पण उत्तमराव असे काही गिअर बदलत होते की एकदाही धक्का बसला नाही. अर्धा घाट झाला, दरीत पळस पेटल्यासारखा फुललेला दिसला, आणि आमची सुनंदा तो बघायला उठली. वळणावर तोल गेला म्हणून तिने हाताला लागलं ते धरलं. ती दोरी होती. टण्ण!

गाडी थांबली. ऐन चढावर, वळणाच्या तोंडाशी.

"काका, काय केलं हे?" रफिकभाई कपाळावर हात मारून ओरडले.

"बेल झाली," उत्तमराव म्हणाले.

"अहो, चुकून झाली!"

"मले जाळीतून चूक दिसत नाही. बेल ऐकू येते."

भरलेली गाडी पुन्हा चढावर उचलेना. क्लचचा जळका वास यायला लागला. मग चाकांखाली दगड लावले आणि अख्खं वऱ्हाड खाली उतरलं. नवरा भांडी घेऊन, नवरी साडी खोचून, आम्ही बायका सुनंदाच्या नावाने बोटं मोडत चढ चालून गेलो. जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून नवरानवरीला शुभेच्छा देत होते. वरच्या सपाटीवर पोचलो आणि मागून घरघर ऐकू आली. नाकवाली गाडी वळणावरून वर आली तेव्हा आम्ही शिट्ट्या मारल्या. मी तर आयुष्यात पहिल्यांदाच मारली. उत्तमराव नुसते सरळ पाहत होते.

जानेफळला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ताशा वाजत होता, औक्षणाची ताटं तयार होती. सगळे उतरले, सामान उतरलं, उज्ज्वला शेवटी उतरली. रफिकभाई पुढे उत्तमरावांच्या शेजारी जाऊन बसले, दोघांना रिकामी गाडी घेऊन चिखलीला जायचं होतं. सुनंदा जेवायचा आग्रह करत होती, पण उत्तमराव "ड्युटीवर आहो, ताई" एवढंच म्हणाले आणि सीटवरून उठलेच नाहीत.

इंजिन सुरू होतं. गाडी उभी होती. उत्तमरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. रफिकभाई हलकेच म्हणाले, "चला, काका." त्यांनी गिअरला हात लावला नाही. ताशेवालेही वाजवायचे थांबले. 

उज्ज्वला उंबरठ्यापर्यंत पोचली होती. ती वळली, मेंदीच्या हातांनी साडी सावरत गाडीपाशी आली, पायरीवर चढली आणि हात वर करून दोरी ओढली. एकदा. गाडी उभीच होती, तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिने एकापाठोपाठ एक अशी दोनदा ओढली.

उत्तमरावांनी गिअर टाकला. ती पायरीवरून उतरली. गाडी हळूहळू निघाली, वळणावर भोंगा एकदा वाजला आणि लाल दिवा दिसेनासा झाला.  मग सुनंदाने सुनेला जवळ घेतलं आणि ताशा पुन्हा सुरू झाला.

मी पुण्याला परतले त्याला आता महिना झाला. टोचलेली पत्रिका फ्रिजवर लावली आहे. जाणार असाल तर चिखलीत कुणालाही नाकवाली गाडी विचारा, रस्ता दाखवतील. आणि चालवायला उत्तमरावच मागा.

परवा मुक्ता बंगळूरला गेली. ट्रॅव्हल्सच्या स्टॉपवर मी तिला सतरा सूचना दिल्या, डबा दिला, पुन्हा पाण्याची बाटली दिली. ती खिडकीशी बसली, तरी मी दारात पाय रोवून उभीच. "मावशी, निघायचंय आम्हाला," क्लीनर वैतागून म्हणाला. मी खाली उतरले. मग गाडीच्या पत्र्यावर तळहाताने जोरात दोनदा थाप मारली.

मुक्ताने काचेतून "हे काय?" अशा खुणा केल्या. तोवर गाडी निघाली होती.