फुलू नये म्हणून

झाडाला फूल येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस मी एकच पाहिला. बोलण्यापुरतं नाही, काकूंचा पितळी गणपती खरोखरच स्टीलच्या वाटीत बुडालेला असायचा. "लोकांचे देव नातवंडासाठी पाण्यात, आमचे ह्या झाडापायी," असं काकू आल्यागेल्याला ऐकवत. हवाईच्या मोठ्या बेटावर मी संशोधनासाठी आले, तेव्हा ओळखीचं मराठी घर हे एवढंच. काका मूळचे नागपूरचे, वनस्पतिशास्त्रज्ञ. मी त्यांना तलवारकाका म्हणायचे.

कारण त्यांचं ते झाड. इंग्रजीत त्याला चांदीची तलवार म्हणतात. गुडघ्याएवढा चंदेरी पात्यांचा गोळा. ही जात फक्त ह्याच डोंगरावरची, रानमेंढ्यांनी खाऊन संपवत आणलेली. वर्षानुवर्षं मुकाट बसतं, मग एकदाच माणसाहून उंच तुरा काढून फुलतं आणि मरतं. त्यातही स्वतःच्या परागाने बी धरत नाही. त्याच वेळी जवळ दुसरं झाड फुललेलं असेल तरच वंश पुढे चालतो. पूर्वेच्या उतारावर आपलं आपण उगवलेलं एकच उरलं होतं. तिला काका 'थोरली' म्हणत.

रोज सकाळी ते थोरलीच्या मधल्या पानांत हलकेच बोट घालून गाभा वर उचललाय का, म्हणजे तुरा यायला लागलाय का, ते बघत. "आज नको हं, बाळे," म्हणत आणि मगच डबा उघडत. मला आधी हसू यायचं. पण तिथे नुसती काळी राख आणि वारा, आणि त्यात हा म्हातारा विनवण्या करतोय. हसू फार टिकत नसे.

एका कोरड्या उन्हाळ्यात गाभा उचलला. काका डबा तसाच घेऊन गाडीत येऊन बसले.

त्याच आठवड्यात काकूंची भाची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एडिसनहून आली. थोरलीला कळी धरली हे फोनवर ऐकून बाईंनी येताना तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून पेढे आणलेले. "कॉन्ग्रॅट्स काका! फायनली!"

"पेढे काहून आणले?" काका म्हणाले. "डोहाळजेवण आणि तेरावं एकाच ताटात वाढू का?"

भाची रडवेली झाली. काकूंनी वाटीतला गणपती काढून पदराने पुसला. "आता कशाला भिजवत ठेवायचा त्याला," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

तुरा वाढला, खालून वर जांभळट फुलं उमलू लागली. काका रोज दुर्बीण लावून सगळे उतार धुंडाळत. अखेर पलीकडच्या कड्याखाली आणखी एक तुरा दिसला. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना चढ बंद केला होता. मी म्हटलं, मी आणते पराग. "तू गाडी चालव," एवढंच उत्तर. तिथवर चढून त्यांनी ब्रशने पराग काढले आणि आठवड्याभराचे खण असलेल्या आपल्या गोळ्यांच्या डबीत भरले.

"काका, गोळ्या कुठेयत?"

"खिशात. त्यांची जागा आज भाड्याने दिली."

ओठ निळे पडलेले होते, तरी हसत होते. मला अजून त्यांचा राग येतो. थोरलीवर मात्र त्यांनी हात पोहोचेल तिथवर एकही उमललेलं फूल न सोडता ब्रश फिरवला.

फुलं वाळायच्या आतच काका गेले, घरी, झोपेत. थोरली त्यांच्यामागून वाळली. तुऱ्यात बी भरलेलं होतं.

त्या बियांची रोपं आता माझ्याकडे आहेत. अजून लहानच आहेत सगळी. रोज सकाळी मी एकेकीच्या गाभ्यात बोट घालते. काल एकीचा गाभा बोटाला किंचित वर लागला. इतक्या लवकर, आणि बाकी सगळ्या गप्प. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "गणपती घेऊन जा. वाटी तुझ्याकडे असेलच."