चार जणांचं मडकं

हॉटेलात वेटरला ‘काय चांगलं आहे?’ असं कधी विचारू नये. तो ‘सगळंच चांगलं’ म्हणतो आणि सकाळचं उरलेलं आपल्या माथी मारतो. मी विचारते, “तुम्ही स्वतः इथलं काय खाता?” मग माणूस जरा थांबतो, गल्ल्याकडे बघतो आणि खरं काय ते सांगतो. मुंबईत नोकरीला आल्यापासून माझे रविवार असेच जातात. एकटी बाई, खोलीवर स्वतःपुरता कुकर लावायचा कंटाळा, मग पिशवी उचलायची आणि निघायचं. अशा हिंडण्यातूनच माटुंग्याच्या एका जुनाट हॉटेलातलं रसम सापडलं. इडली तिथली यथातथाच. लालबागच्या एका खानावळीत मासे ठीकठाक, पण कांद्यावर परतलेला सुका जवळा असा, की भाकरी संपली तरी बोटं चाटत बसावं. भायखळ्याच्या एका गल्लीत खिमा-पाव.

सापडतं, पण सांगणार कोणाला? घास तोंडात जातो, डोळे आपोआप मिटतात, उघडावेत तर समोरच्या खुर्चीवर आपलीच पिशवी. ‘जरा चाखून बघ गं’ म्हणायला माणूस नाही. त्या क्षणी फार एकटं वाटतं, उपाशी असण्यापेक्षा जास्त. आधी मी दादाला फोन करून सांगायची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चौलच्या पुढे आमचं गाव, तो तिथेच घर आणि शेत सांभाळून असतो. तो “हं, हं” करायचा आणि म्हणायचा, “मजा हाय बाय तुझी.” मजा म्हणे! मग मी सांगणं सोडून दिलं.

यंदा थंडी पडली तशी मी त्याच्या फोनची वाट बघू लागले. आमच्याकडे वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, अंडी, मसाल्यातली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. त्याला आमंत्रण असं नसतंच. “आज लावतोय” एवढं कोणीतरी म्हणतं आणि सगळी आळी शेतावर जमते. मागची काही वर्षं मला रजा मिळाली नव्हती. यंदा साहेबांकडे मी आधीच बोलून ठेवलं होतं. दादाने फक्त ‘लावतोय’ म्हणायचं, की मी निघाले. आपणहून मात्र विचारणार नव्हते. आपली आठवण त्याला आपोआप यावी, एवढाच माझा हट्ट होता, आणि फोन काही येत नव्हता.

अशात एका रविवारी दुपारी दादरला एका हॉटेलाबाहेर पाटी दिसली, ‘पोपटी मिळेल’. पाय आपोआप आत वळले.

“एकट्याला नाही मिळणार ताई,” पिकल्या मिशांचा वेटर म्हणाला, “चार जणांचं मडकं असतं.”

“मग चार जणांचं आणा.”

“बाकीचे येतायत ना?”

“तुम्ही आणा हो.”

मी नावं ठेवायच्या तयारीतच बसले होते. शहरातली माणसं काय, कोबीचा पालासुद्धा घालतील. पण मडकं आलं, वरचा पाला बाजूला झाला आणि तो ओळखीचा कडवट वास थेट नाकात शिरला. भांबुर्डाच होता. वेटर चिमट्याने एकेक शेंग ताटात ठेवायला लागला.

“अहो, चिमट्याने काय वाढताय? पेपर पसरा आणि उलटं करा मडकं.”

पोपटी ताटात कोणी वाढून घेतं का? मधोमध ढीग पडतो, सगळे भोवती बसतात आणि हात घालतात. त्याने खांदे उडवले, पेपर पसरला आणि मडकं उपडं केलं. अख्खं टेबल भरलं. वाफ निघत होती, आणि तीन खुर्च्या रिकाम्या. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब बोलायचं थांबून माझ्याकडे बघायला लागलं. तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले ते. एक शेंग सोलली. दाणा मऊ, मीठ बरोबर. मुंबईत इतकं हिंडले, पण याच्या तोडीचं काही खाल्लं नव्हतं. मला रडू यायला लागलं.

हट्ट गेला चुलीत. मी तिथूनच फोन लावला.

“दादा, पोपटी कधी लावताय?”

“अगं, झाली की! परवाच लावली. सगली होती, वहिनीच्या माहेरची पन आलेली.”

“मला नाही सांगितलंस.”

“तुला कुठं जमतंय, बाय? दर सालाला न्हायच म्हनतेस. म्हनून मग न्हाय सांगितलं.”

त्याच्या आवाजात राग नव्हता की टोमणा नव्हता. मागे टीव्ही चालू होता. रागावला असता तर भांडले तरी असते.

“पुढच्या सालाला येनार असशील तर आधी कलव,” तो मायेने म्हणाला, “म्हंजे तुला धरून लावू.”

“कळवते,” मी म्हटलं.

आमच्या घरी आधी कळवून यायचं ते पाहुण्यांनी. मला आजवर धरलेलंच असायचं.