ब्रेकवर बंद पडणारा टिप्पर

माझं गॅरेज जिंतूर रस्त्यावर आहे. ट्रक खोलता-जोडता माझी जीभ तिखट झाली, असं बायको म्हणते आणि ती खोटं बोलत नाही. पण त्या दिवशी क्रशरच्या मालकाला तिनं ऐकलं असतं, तर तिला मी गोड वाटलो असतो.

टिप्पर त्याच्या खडी क्रशरचा. कुठल्याशा खाणीवरून जुना घेतलेला, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकायची भानगड नाही, म्हणून लोक मुद्दाम बघायला यायचे. ड्रायव्हर ताडकळसकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. बापानं काठी धरली, यानं स्टिअरिंग धरलं. तक्रार एवढीच, की एकदम ब्रेक मारला की इंजिन बंद पडायचं. इंजिन बंद की स्टिअरिंग दगडासारखं जड. भरल्या गाडीनिशी उतारावर असंच झालं आणि टिप्पर नालीत गेला. मालकानं त्याला सांगून टाकलं होतं, की गाडीत दोष निघाला तर ठीक, नाहीतर किल्ली ठेवायची आणि चालू लागायचं.

मालक आपल्या पांढऱ्या गाडीतून आला. सोबत मुनीम आणि एक अनोळखी माणूस. मला वाटलं, पाहुणा असेल. मालकानं सगळ्यांदेखत तोंड सोडलं.

"मेंढ्या हाकणाऱ्याच्या हातात टिप्पर दिला, मीच अक्कल गहाण ठेवली. मिस्तरी, हा गाडीवर झोपायलाय."

"झोपत न्हाई म्या, मालक. ब्रेकवर पाय ठेवला की इंजिनच मरायलंय."

"मुनीमानं चालवली तवा कसं न्हाई मेलं?"

मुनीम हसला. शेजारचा चहावाला हसला. ड्रायव्हरही त्यांच्यासोबत हसायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. मला सगळ्यांचा राग आला, त्याच्या त्या हसण्याचाही आला.

मी आधी डिझेलचा फिल्टर बघितला, हवेचे पाइप बघितले. सगळं ठीक होतं. मग मुनीमाला विचारलं, गाडी चालवली कुठं? म्हणाला, क्रशरच्या आवारात, सावकाश. तिथंच माझी ट्यूब पेटली. असल्या गाडीत वेग आला की इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना लॉक होतात. ब्रेक दाबला की ते लॉक सुटायला पाहिजे. नाही सुटलं, तर थांबणारी चाकं इंजिनाचाही गळा दाबतात. सावकाश चालवली तर लॉक लागतच नाही. मुनीमाला दोष दिसणार कुठून?

मी लॉकचं कनेक्टर काढून ठेवलं. आता लॉक लागणारच नव्हतं. ड्रायव्हरला गाडी काढायला लावून मी शेजारी बसलो. झरी गावाच्या दिशेनं मोकळा रस्ता लागल्यावर म्हणालो, "मार कचकचून." त्यानं मारला. टिप्पर थांबला, इंजिन धडधडत राहिलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"चालूच हाय की, मिस्तरी!" म्हणाला आणि रडायला लागला.

ब्रेकची खबर गिअरबॉक्सला का जात नाही, एवढंच आता शोधायचं होतं. परत येऊन मी डॅशबोर्ड खोलला. आमच्याकडं दसऱ्याला गाडीची पूजा होते, देवाच्या फोटोभोवती दिव्यांची माळ लावतात. ब्रेक मारला की देव उजळला पाहिजे, ही हौस. मांडवाची लायटिंग करणाऱ्या कुणीतरी ब्रेक दाबल्यावर करंट येणारी एक तार हुडकली होती, कापली होती आणि माळेला जोडली होती. मागचे दिवे दुसऱ्या तारेवर होते, ते पेटतच राहिले. कापलेली तार गिअरबॉक्सकडं जाणारी होती.

"ही माळ कुणी लावली?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं मान खाली घातली. मुनीम मालकाकडं बघायला लागला.

"म्याच लावून घेतली," मालक म्हणाला. "देवाचं काम हाय. त्यात काय वाईट केलं?"

मी तार जिथली तिथं जोडली, कनेक्टर बसवलं आणि मालकालाच शेजारी बसवून त्याच रस्त्यावर ब्रेक मारून दाखवले. इंजिन एकदाही मेलं नाही.

"त्याचा कसूर नव्हता, हे आता सगळ्यांसमोर बोला, मालक," मी म्हणालो. म्हणालो कसला, ओरडलोच.

"गाडी नीट झाली ना? मंग झालं तर." मालकानं त्या अनोळखी माणसाला हाक मारली. "उद्यापासून ह्यो चालवंल. त्येला शब्द देऊन बसलोय म्या." मग ड्रायव्हरकडं न बघताच म्हणाला, "ह्यानं ऑटोमॅटिक कधी चालवली न्हाई. क्रशरपर्यंत तू शिकव, मंग किल्ली त्येच्याकडं दे अन् जा."

मला वाटलं, आता हा किल्ली मालकाच्या तोंडावर फेकणार. फेकावी, अशी माझी फार इच्छा होती. त्यानं ती नव्या माणसाच्या हातात दिली, बाहीनं नाक पुसलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. इंजिन सुरू झालं. खिडकीतून त्याचा आवाज आला, "डावा पाय वापरायचा न्हाई, भाऊ. अन् उतारावर लय जपून. रस्त्यावर माणसं असतेत."