सांधा दिसता कामा नये

आमच्या यजमानांचा सातपूर गावात फॅब्रिकेशनचा कारखाना होता. कारखाना हा शब्द त्यांचा. मला तिथे वर पत्रे, खाली दोन वेल्डिंग मशिनं आणि मध्ये भरपूर आत्मविश्वास एवढंच दिसायचं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. कॉलेज रोडला नवे बंगले उठत होते आणि त्यांची फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या आमच्याकडे व्हायच्या. सिन्नर, नांदगावकडचे शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधून न्यायचे. शेडच्या मागेच आमचं घर होतं, त्यामुळे ग्राइंडरचा आवाज आणि माझा कुकर यांची दिवसभर जुगलबंदी चालायची.

यजमानांना एका गोष्टीचा फार अभिमान: आमच्या कामात सांधा दिसत नाही. दोन नळ्या वेल्डिंगने जोडल्या की जोडावर लोखंडाचा फुगीर वळ उठतो. इतर लोक तो तसाच सोडतात. आमच्याकडे तो ग्राइंडरने घासून नळीबरोबर सपाट करायचे, वर पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, मग रंग. गिऱ्हाईक हात फिरवून म्हणायचं, वा, जसं काही एकाच लोखंडातून काढलंय! आमच्या स्वतःच्या घरालाही असलंच देखणं फाटक होतं. एकदा शेजारची गाय त्याला मान घासायला टेकली आणि फाटकाचा वरचा भाग तिच्या गळ्यात आला. यजमानांनी दोष गायीला दिला.

माझा धाकटा भाऊ तेव्हा एका गॅरेजात कामाला होता. हात चांगला होता, स्थळंही येत होती, म्हणजे सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात त्याला कुणीतरी मुंबईकडच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत बघायला नेलं. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा लागला की सुटायचं, पाव मैल सरळ जायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, डावपेच नाही आणि नाक शिंकरायला लागतो तेवढ्यात खेळ खलास. एवढ्यासाठी तशी गाडी बांधायला माझा भाऊ, यजमान आणि शेडमधली मंडळी वर्षभर राबायला तयार झाली. मला दिवाळीचं सामान लावायला डबे हवे होते, तर शेडमध्ये वेळ नव्हता.

मालेगावच्या भंगारातून एका अवाढव्य परदेशी मोटारीचं इंजिन आलं. ते सुरू केलं की माझ्या मांडणीवरची भांडी पुढे सरकायची. आता त्या इंजिनाला चॅसी हवी होती. यजमानांनी आयुष्यभर ट्रॉल्या केलेल्या, त्यामुळे त्यांच्या लेखी मजबूत म्हणजे जड. त्यांनी जाडजूड लोखंडी चॅनेलचा असा काही सांगाडा उभा केला की तो हलवायला सगळा कारखाना लागला. गाडी अत्यंत सुरक्षित होती. जागची हलतच नव्हती.

"दाजी, आपल्याला ऊस न्यायचा नाहीये," माझा भाऊ म्हणाला.

दोन दिवसांनी यजमानांनी तो सांगाडा कापला. नवीन चॅसी गोल नळ्यांची झाली. लांबलचक, हलकी, आणि खुर्चीच्या भोवती नळ्यांचाच पिंजरा. डोक्याच्या मागे एक उंच कमान. गाडी उलटलीच तर आधी ती कमान जमिनीला लागणार आणि भावाचं डोकं तिच्याखाली शाबूत राहणार, असा बेत होता. बेत मला पटला. कमान मजबूत आहे का, एवढंच मी विचारलं.

"वहिनी," देवळ्याकडचे आमचे वेल्डर मिस्तरी म्हणाले, "सांधा कुठं हाय ते दाखवा. नाय सापडायचा तुम्हाला. लय घासलाय."

मी हात फिरवून पाहिला. खरंच सापडला नाही. मला मात्र ती गाय आठवली.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांबरोबर गाडीचीही पूजा झाली. कमानीला झेंडूचा हार, पुढे कुंकवाचं स्वस्तिक. मिस्तरींनी गाडीसमोर नारळ फोडला. नारळ फुटला, गाडी फुटली नाही. आमच्या कारखान्यात मजबुतीची एवढी एकच परीक्षा व्हायची. मी म्हटलं, एकदा ती उलटी करून आपटून बघा. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू देव्हाऱ्याला लाथ मारा म्हणाले होते. पूजा झालेली वस्तू आपटतात का कुणी? आणि रंग? लाल रंगाचा तिसरा हात नुकताच वाळत होता. रंगाची काळजी करताना त्यांचे चेहरे इतके हळवे झाले होते की भावाने हेवा करावा.

मी आठवडाभर भांडले. मग बोलणं सोडलं. आमच्या घरात माझ्या न बोलण्याला माणसं जास्त घाबरायची, पण या वेळी कुणी घाबरलं नाही. शर्यत दिवाळीनंतर होती.

भाऊबीजेला भाऊ नवा शर्ट घालून पाटावर बसला. मी ताट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले.

"ताई, ओवाळ ना. वात विझेल."

"आधी ओवाळणी ठरू दे."

"साडी आणलीय की."

"साडी नको. ती गाडी उलटी टांग आणि खाली पाड."

यजमान दारात चकली खात उभे होते. "अगं, सणासुदीचं काय हे! तिसरा हात मारलाय रंगाचा!"

"त्यात माझा भाऊ बसणार आहे. रंग नाही बसणार."

भावाला वाटलं, बहीण घाबरली आहे, तिला धीर द्यावा. तो हसत म्हणाला, "पाडू या, दाजी. मीच आत बसतो. म्हणजे हिची खात्री पटेल."

"बस की," यजमान म्हणाले. "तुला नुसतं खरचटलं तरी मिशी उतरवीन."

हे दोघं खरोखरच निघाले होते. मी ताट खाली ठेवलं, दार अडवलं आणि माहेरचे, सासरचे जेवढे शब्द ठाऊक होते तेवढे वापरले. शेवटी ठरलं की भावाच्या जागी पडवीतलं कांद्याचं पोतं बसेल. तेवढं तरी ऐकल्याबद्दल मी कायम त्यांची ऋणी आहे.

शेजारीच राहणाऱ्या मिस्तरींना फराळावरून उठवून आणलं. इंजिन उतरवून त्याच्या जागी तेवढ्या वजनाचं भंगार बांधलं. पोतं खुर्चीत बसवून पट्ट्यांनी आवळलं. भावाने चेष्टेत त्याला आपलं हेल्मेट घातलं आणि त्याची पाठ थोपटली. मग चेनपुलीने गाडी उलटी करून वर ओढली. गाडी आणि हुकाच्या मध्ये एक जाड दोर होता. मिस्तरींनी त्यावर कोयता मारला.

आवाज फारसा मोठा झाला नाही. मला वाटलं होतं, धरणी दुभंगेल. नुसतं कडकड झालं आणि धूळ उडाली.

धूळ बसली तेव्हा कमान दिसेना. ती घासलेल्या जोडांवर स्वच्छ निखळून आत दुमडली होती. लाल रंगाचे पोपडे सगळीकडे उडाले होते आणि पुट्टीचा पांढरा भुगा त्यांच्यावर पसरला होता. पोतं फुटलं होतं. खुर्चीच्या पाठीइतकीही उंची त्याची उरली नव्हती. हेल्मेट चिरून त्यातून कांद्याचा रस गळत होता. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या दिवशी कुणीच कांद्याला दोष दिला नाही.

यजमान खाली बसले. उघड्या पडलेल्या सांध्यावरून त्यांनी बोट फिरवलं. वेल्डिंग तिथे कागदाएवढं पातळ उरलं होतं. बाकीचं सगळं आम्हीच देखणेपणासाठी घासून टाकलं होतं. मिशी मात्र त्यांनी ठेवली आणि मीही आठवण करून दिली नाही.

भाऊ मोरीत गेला, बराच वेळ तोंड धूत राहिला. मग ओल्या केसांनी पाटावर येऊन बसला.

"ओवाळ, ताई," तो म्हणाला.

मी ओवाळलं. वात विझू नये म्हणून त्याने निरांजनाला हाताचा आडोसा धरला. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्या कपाळाला कुंकू लावताना मला रडू आवरेना.

त्यानंतर पिंजरा नव्याने बांधला. नळी जाड घेतली, कमानीला मागून दोन तिरके टेकू दिले, प्रत्येक कोपऱ्यात पत्र्याचे त्रिकोण बसवले आणि वेल्डिंगचे वळ उठले तसे ठेवले. गाडी गाठीगाठींची, कुरूप दिसायला लागली. मिस्तरींचा जीव तुटत होता. एकदा ते हळूच ग्राइंडर घेऊन जवळ गेले, तर यजमानांनीच त्याची वायर उपटली. मग ती पुन्हा टांगून पुन्हा पाडली. कमान खरचटली, वाकली नाही. या वेळचं पोतं मी स्वयंपाकात वापरलं.

शर्यतीला मी गेले, पण पाहिली नाही. पदराने तोंड झाकून उभी होते. पदर खाली घेतला तेव्हा भाऊ पलीकडच्या टोकाला हात हलवत होता. हरला होता. पुढची काही वर्षं तो गाडी पळवत राहिला, बहुतेक वेळा हरत राहिला, आणि गाडी एकदाही उलटली नाही.

आता तो दर भाऊबीजेला पोराबाळांसमोर तेच सांगतो: ताईने उगाच एवढी देखणी गाडी आपटायला लावली, त्या कमानीला शेवटपर्यंत कधी काम पडलंच नाही. यजमानही मान डोलावतात. मी वाद घालत नाही. पाटावर बसून मला नावं ठेवायला माझा भाऊ आहे; मी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढते.