लंडन–मुंबई नऊ तास, सातारा–सांगली दीड दिवस

माझा मुलगा लंडनहून साताऱ्याला येताना हरवला नाही, हरवलो मी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सुरेश तीन वर्षांनी घरी येत होता. त्याची आई गेल्यापासून साताऱ्यात मी एकटाच. चहा दोघांचा टाकायचा आणि दोन्ही कप आपणच प्यायचे, अशी सवय लागलेली. सुरेशचं पत्र आलं : शुक्रवारी सकाळी आठला तिथून विमान सुटतं, मुंबईला येऊ नका, मी येतो.

मी भूगोलाचा मास्तर. नकाशावर दोरा ठेवून अंतर काढलं, साडेचार हजार मैल. विमान ताशी पाचशे. नऊ तास! म्हणजे संध्याकाळी पाचला मुंबई आणि रातराणीनं पहाटे सातारा.

शनिवारी पहाटेपासून मी स्टँडवर. मुंबईच्या येईल त्या गाडीत डोकावलो (एका झोपलेल्या गृहस्थाला सुरेश समजून गदागदा हलवलंसुद्धा!). बारा वाजले. मग वाटलं, पोराला झोप लागली असणार आणि गाडी त्याला थेट सांगलीला घेऊन गेली असणार. सांगलीत माझी थोरली बहीण, अक्का, राहायची. शेजारी निरोप ठेवून मी सांगलीची एसटी धरली.

तीन वाजता सुरेश साताऱ्यात हजर! दाराला कुलूप. मास्तर तुलाच शोधायला सांगलीला गेलेत, असं शेजारच्या हौसाबाईंनी सांगितल्यावर तोही सांगलीच्या गाडीत बसला. इकडे तो अक्काकडे नाही म्हटल्यावर मी पाणीसुद्धा न पिता मागे फिरलो.

अक्का म्हणाली, "आरं, एका जागी बस. त्यो येतोय."

मी कुठला बसतोय! कराडच्या स्टँडवर आमच्या दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

साताऱ्यात पोचलो तर हौसाबाई दारातच. "आवं मास्तर, त्यो तुमास्नी हुडकाया सांगलीला गेला की."

मी उंबऱ्यावर बसलो. तीन वर्षं वाट पाहिली, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी पहिल्या गाडीनं सांगली. अक्कानं सुरेशला जागचं हलू दिलं नव्हतं. तो पाया पडला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, लंडनचं घड्याळ आपल्या मागं असतं."

किती तास मागं, ते मी बावीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहून देत होतो!

पंधरा दिवसांनी त्याला पोचवायला स्टँडवर गेलो. बॅग ठेवायला म्हणून गाडीत चढलो आणि त्याच्या शेजारी जरा टेकलो. गाडी सुटली. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, तुमाला कुठं?"

"पुणे," मी म्हणालो.

सुरेशनं उठून खिडकीची जागा मला दिली.

परतल्यावर हौसाबाईंना सांगितलं, उतरायचं राहिलं, चुकून पुण्याला गेलो. बाईंनी एक शब्द न विचारता विश्वास ठेवला. माझ्याबद्दल आता गल्लीत कुणालाही काहीही खरं वाटत होतं!