दोन बोटं कमी

बसा, कॉफी येईपर्यंत माझ्या शहाणपणाचा एक किस्सा सांगतो. मी बोलतो हळू, पण हा मूर्खपणा मात्र फार चपळाईने केला होता.

मी शिंपी. म्हैसुरात आमच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आणि समोर शिवण्णाचं कापडाचं. कुणी त्याच्याकडे शर्टाचं कापड घेतलं, की तो हात करून सांगायचा, "समोर आमचे अण्णा आहेत, डोळे मिटून द्या त्यांच्याकडे." रोज दुपारी आम्ही दोघं बाय-टू कॉफी घ्यायचो. म्हणजे एक कॉफी, दोन पेल्यांत. कधीपासून? दोघांचेही केस काळे होते तेव्हापासून.

एकदा आमच्या विठ्ठलाच्या देवळात एक वकीलबाई आल्या. दुकानदाराने फसवलं तर गिऱ्हाइकाच्या मागे कायदा कसा उभा राहतो, ते त्यांनी सोप्या कन्नडात समजावलं. "घेताना मोजून घ्या. कमी भरलं तर गप्प बसू नका." आता मी चार बुकं शिकलेला माणूस, जन्मभर गप्पच बसलेला. मला वाटलं, बाई माझ्याकडेच बघून बोलतायत.

दुसऱ्या दिवशी शाळेतले एक मास्तर शिवण्णाकडचं कापड शिवायला घेऊन आले. आलेलं कापड मी कधी मोजत नसे, नजरेलाच कळायचं. त्या दिवशी टेप लावला. दोन बोटं कमी. पुढच्या गिऱ्हाइकाचंही दोन बोटं कमी. मग बाजारातल्या दुसऱ्या दुकानांचं कापड आलं, तेही मोजलं. तेही कमी.

तुम्ही असता तर इथेच थांबला असता, नाही का? सगळं म्हैसूर चोर आणि मी एकटा साव, असं कुठे असतं? पण माझ्या डोक्यात आलं, हे सगळे आतून एक आहेत.

बायको म्हणाली, "अहो, आधी शिवण्णाभावजींना विचारा तरी."

"चोराला विचारून कुणी चोरी पकडतं का?"

"मग चोराबरोबर कॉफी कशाला पिता?"

 मी त्या दुपारीही त्याच्याबरोबर कॉफी प्यायलो, आणि तसाच उठून वजनमापाच्या ऑफिसात तक्रार देऊन आलो.

साहेब आले ते नेमके दसऱ्याच्या गर्दीत. शिवण्णाची मीटरपट्टी मागितली तशी गिऱ्हाइकं हातातलं कापड खाली ठेवून बाजूला सरकली. शिवण्णाचा चेहरा उतरला. वडिलांपासूनचं दुकान, आणि भर सणात ही शोभा. साहेबांनी आपली पट्टी काढून त्याच्या पट्टीला लावली, शिक्का बघितला. "सरी इदे," म्हणाले, "बरोबर आहे."

तक्रार कुणाची, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हते. मी माझ्या दुकानात गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण जन्मभर नको तिथे गप्प बसलेला मी, नेमका तेव्हा रस्ता ओलांडून गेलो.

"साहेब, असं नाही. या टेपने बघा."

साहेबांनी टेप पट्टीशेजारी पसरला. पट्टी संपली, तरी माझ्या टेपवरचा मीटर काही येईना. बोटभर पुढे जाऊन आला.

"अज्जा, हा टेप ठेवता कुठे?"

"खिळ्याला. खाली कात्री बांधलेली असते. दोन्ही हरवू नयेत म्हणून."

"किती वर्षं?"

मी बोटांवर मोजायला लागलो, बोटं संपली. जड लोखंडी कात्री रोज लोंबकळून लोंबकळून टेप ताणला गेला होता. अशा टेपला पुरं कापडही कमीच दिसणार.

गर्दीतले मास्तर म्हणाले, "मग यांनी शिवलेलं आम्हाला बसतं कसं?"

"तुमचं अंगही याच टेपने मोजतात, कापडही याच टेपने. दोन्हीकडे सारखीच चूक," साहेब म्हणाले.

सगळं दुकान हसलं. शिवण्णा हसला नाही. तो नुसता माझ्याकडे बघत होता.

घरी बायको हळूच म्हणाली, "कात्री मीच बांधली होती हो." तिचा काय दोष? तक्रार द्यायला कात्री गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी हात जोडून त्याच्यासमोर उभा राहिलो. "शिवण्णा, चुकलो."

"होगली बिडी, अण्णा. जाऊ द्या," तो म्हणाला. मग कापडाची घडी घालत म्हणाला, "एकदा मला विचारायचं होतं."

गिऱ्हाइकं तो अजूनही माझ्याकडेच पाठवतो. पण त्या दुपारी कॉफीला बोलावलं तर म्हणाला, "आज नको, पित्त झालंय." ते पित्त अजून उतरलेलं नाही.

मी त्याच्याकडे कापड घ्यायला गेलो, की तो पट्टीने मोजतो, आणखी दोन बोटं पुढे सरकतो आणि मगच कात्री लावतो. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "तुमच्या टेपला कमी पडायला नको." नवा टेप घेतलाय म्हणून गळ्यातला काढून दाखवला, तरी ऐकत नाही.

तेव्हा गिऱ्हाईक म्हणून बघाल तर मी फायद्यातच आहे. कापड दोन बोटं जास्त, आणि कॉफी अर्धीच्या जागी अख्खी.