गरम विटेचा गेटपास

कंपनीतले किस्से म्हणजे लेथखाली पडणारा लोखंडाचा किस. रोज झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा ढीग! आम्ही रिटायर झालेली मंडळी अजून महिन्यातून एकदा चिंचवड स्टेशनजवळ चहाला जमतो, आणि विषय कुठूनही निघो, तासाभरात गाडी येते ती गुंजाळवरच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो आणि सदाशिव गुंजाळ भट्टीवर. गिअर भट्टीत तापवायचे, तेलात बुडवून कडक करायचे, हे त्याचं काम. मूळचा तळवड्याचा, राहायला चिंचवडच्या एका चाळीत. बोलायचा कमी. पण बोलला की आम्हाला आठवडाभर पुरायचं.

* * *

भट्टीच्या भोकातून आतला रंग बघून गुंजाळ तापमान सांगायचा. एकदा मीटरचा काटा साडेआठशेवर होता आणि हा म्हणाला, "काटा खोटं बोलतोय. आठशेच्या वर न्हाई."

नवे इंजिनिअर हसले. "गुंजाळ, मीटर इंपोर्टेड आहे!"

"आसंल. भट्टी हितलीच हाय."

मी मीटरची भट्टीत जाणारी तार काढून पाहिली, तर ती पार खराब झालेली. नवी लावली. काटा सातशे नव्वद! इंजिनिअर साहेबांनी त्या दिवशी स्वतःच्या पैशानं सगळ्यांना चहा पाजला. तेव्हापासून ते मीटर बघायच्या आधी गुंजाळचं तोंड बघायचे.

* * *

अशा या माणसानं पाल पाळली!

गावाकडं बांधाचे दगड हलवताना निघाली. वीतभर लांब, जाड शेपटीची, अंगावर चट्टे. "विषारी हाय, मारा!" म्हणत लोक काठ्या घेऊन धावले. गुंजाळ मात्र उकिडवा बसून तिच्याकडं बघत राहिला. "आरं, ही पापणी मिटती. घरातली पाल मिटती का कधी? बगा तरी!" काठ्या खाली आल्या. ह्यानं तिला जेवणाच्या डब्यात घातलं आणि घरी आणलं. डबा उघडला नेमका सुमनवहिनींनी.

दुसऱ्या दिवशी गुंजाळ भाकरी फडक्यात बांधून कामावर आला. मी विचारलं, "डबा कुठाय?"

"नदीत सोडला तिनं."

"आणि पाल?"

"पाल हाय. राग डब्यावर निघाला."

पालीचं नाव ठेवलं ठकी. दुकानाच्या शोकेसच्या जुन्या काचांची पेटी केली, तळाला वाळू, वर जाळी. वहिनींनी महिनाभर त्या कोपऱ्याकडं पाठ करून स्वयंपाक केला.

* * *

ठकीला खायला झुरळं लागायची. ती कुठं मिळणार? आमच्या कँटीनमध्ये! जेवण झालं की गुंजाळ बाटली घेऊन कँटीनच्या मोरीशी बसायचा. कँटीनवाला चिडला. "गिऱ्हाईकं बघतात हो! काय इज्जत राहते माझी?"

चारेक महिन्यांनी सरकारी तपासणी आली. तपासणीवाल्यांनी कपाटं हलवली, मोऱ्या बघितल्या, एक झुरळ सापडलं नाही. शेरा मिळाला, 'स्वच्छता उत्तम.'

दुसऱ्या दिवशी कँटीनवाल्यानं गुंजाळच्या ताटात न मागता दुसरा गुलाबजाम ठेवला आणि हळूच विचारलं, "ठकीताई बऱ्या आहेत ना?"

* * *

पण डिसेंबर आला आणि ठकी गारठली. खाईना, हलेना. पेटी तापवायची ठरली. वायरिंग माझं, डोकं गुंजाळचं.

भट्टीवाल्यांचा एकच धर्म असतो. चारी कोपरे एकसारखे तापले पाहिजेत! एक कोपरा गार राहिला की गिअर वाकडा होतो. गुंजाळनं तोच धर्म पाळला. चार कोपऱ्यांना चार बल्ब, चार थर्मामीटर. तापमान एकदम नाही चढवलं, भट्टीसारखं टप्प्याटप्प्यानं वर नेलं. शेवटी चारही पारे एका रेषेत आले. इतकं सुंदर काम मी कंपनीतही पाहिलं नव्हतं.

आणि ठकी काचेला चिकटून तोंड उघडं टाकून पडली. मरायला टेकली होती. गुंजाळ कावराबावरा झाला. मला म्हणाला, "भाऊ, एका डिग्रीचाबी फरक न्हाई. चुकतंय कुठं?"

वहिनी पाठमोऱ्या भाकरी थापत होत्या. तशाच बोलल्या, "तुमी आठ तास भट्टीम्होरं उभं ऱ्हाता. मधी मधी माठापाशी येऊन बसता का न्हाई?"

"बसतो की."

"मग तिचा माठ कुठंय?"

गुंजाळ उठला आणि तीन बल्ब काढून टाकले. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी गार, गार बाजूला ओल्या फडक्यावर उपडं खापर. ठकी आधी खापराखाली गेली. संध्याकाळी उबेला आली आणि दोन झुरळं खाल्ली. मी गुंजाळला एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. वहिनींना मात्र मी मनातल्या मनात हात जोडले.

* * *

मग त्याला नादच लागला. उजेडानं ठकी बुजते म्हणून बल्बवर पत्र्याचा डबा आला आणि डब्यावर फरशीचा तुकडा. वर लटकवलेले थर्मामीटर उतरून वाळूत गेले. "हवा कितीबी तापू दे, तिचं पोट कशावर टेकतंय ते बगायचं!" एका पोल्ट्रीवाल्याकडून अंडी उबवायच्या जुन्या पेटीचा थर्मोस्टॅट आणला. ऊब वाढली की बल्ब आपोआप बंद, उतरली की चालू.

हे आमच्या वर्क्स मॅनेजरांच्या कानावर गेलं. कडक माणूस. राउंडला आले तेव्हा म्हणाले, "गुंजाळ, पालीइतकी काळजी गिअरची घेता का?"

"साहेब, गिअर बिघडला तर दुसरा करता येतो."

साहेब पुढं गेले. दहा पावलांवर थांबून पुन्हा एकदा मागं वळून बघितलं.

* * *

पुढच्या हिवाळ्यात गुंजाळनं ठकीला जोडीदार आणला, आणि जानेवारीत ठकीनं दोन अंडी घातली. उबदार बाजूला, डबीतल्या ओलसर वाळूत ती ठेवली. आता गुंजाळ शिफ्ट सुटली की थेट घर! आणि नेमका चाळीचा ट्रान्सफॉर्मर जळला. आठ दिवस लाइट नाही. बाहेर कडाक्याची थंडी. अंडी गार पडली तर संपलंच.

गुंजाळनं कंपनीतली भट्टीची एक जुनी वीट उचलली. शिफ्ट सुटायच्या आधी ती भट्टीच्या तोंडाशी तापवायची, पोत्यात गुंडाळून सायकलवरून घरी न्यायची, भुशाच्या पेटीत ठेवून वर अंड्यांची डबी. सकाळी गार वीट परत. तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी गेटवर पहाऱ्याच्या सुभेदारांनी पोतं धरलं.

"ये क्या है?"

"वीट."

"गरम क्यों है?"

"थंड घेऊन काय करू?"

कंपनीचा माल विनापरवाना बाहेर, म्हणजे सरळ चोरी. त्यात नोकरी जायची! सुभेदारांनी मोठ्या साहेबांना, म्हणजे त्याच वर्क्स मॅनेजरांना, बोलावलं. मीही धावलो. गुंजाळला नोकरीची फिकीर दिसेना. तो सारखा पोत्याला हात लावून बघत होता.

"साहेब, काय शिक्षा द्यायची ती उद्या द्या. आत्ता हे निवतंय."

साहेबांनी पोत्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तिथंच उभ्या उभ्या गेटपासचं पुस्तक मागवलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'भट्टीची वीट, एक नग, गरम. परतीच्या बोलीवर. थंड झाल्यावर जमा करणे.' खाली सही.

"पळा," म्हणाले.

लाइट आले, तरी तो गेटपास बंद व्हायचा राहिला. मार्चमध्ये स्टोअरच्या क्लार्कनं तगादा लावला. गुंजाळ वीट घेऊन आला, काउंटरवर ठेवली, खिशातून तो चुरगळलेला गेटपास काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश अक्षरात लिहिलं,

'वीट परत. तयार माल दोन नग. दोन्ही चालू.'

क्लार्कला काही कळेना. तो कागद घेऊन मोठ्या साहेबांकडं गेला. साहेबांनी वाचला, चष्मा काढून पुसला, आणि त्यावर इन्स्पेक्शनचा शिक्का मारला: पास!